शिबिरातली उपासना मुलांच्या हाती देताना

शिबिराच्या वेळापत्रकात ‘सकाळची उपासना : तरुण संघ’ एवढं लिहून टाकायला वेळ लागत नाही. त्या ओळीचं वजन मात्र पुढे उभ्या राहिलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला जाणवतं. समोर साठ मुलं, त्यातली निम्मी जांभया देणारी. हातात मोबाइल, त्यावर गीताचे शब्द. बाजूला तीन-चार मोठी माणसं हाताची घडी घालून उभी.

मी बरीच वर्षं मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर मुलांच्या ख्रिस्ती शिबिरांत काम करतो आहे. अगदी सुरुवातीच्या एका शिबिरात एक मुलगा दुसऱ्या कडव्यावर अडला. मी दोन पावलं पुढे झालो, त्याच्या हातातून माइक घेतला आणि गीत पुरं केलं. उपासना सुरळीत पार पडली. पण तो मुलगा उरलेले चार दिवस शेवटच्या रांगेत बसला आणि पुन्हा पुढे आला नाही. तो माझ्याच आवाजाखाली दबला, हे मला खूप उशिरा कळलं. तेव्हापासून उपासना मुलांकडे सोपवायची पद्धत आम्ही हळूहळू बसवत आणली. ती इथे सविस्तर देतो, कारण मे तोंडावर आला की दर वर्षी कुणा ना कुणा शिबिराचे ताई-दादा हेच विचारतात.

एक कसोटी मात्र आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. उपासना झाली की पुढे उभं राहिलेल्याचा आवाज कसा लागला ते विचारू नका. शेवटच्या रांगेतलं मूल गात होतं का, ते विचारा.

तीन आठवडे आधी: माणसं निवडणं

सहा-सात जणांचा गट पुरे. त्यात सगळे गाणारे नकोत. गाणारे दोन, वाजवणारे एक-दोन, बायबलमधलं वचन वाचणारा एक, प्रार्थना करणारी एक आणि जागा बघणारा एक. शेवटचं काम कुणी मागत नाही, पण समुद्रकाठी तेच सगळ्यांत मोठं ठरतं. चटया कुठे टाकायच्या, ऊन कुठून येईल, गीतांचा फलक कुठल्या झाडाला बांधायचा, पाण्याचा पिंप कुठे ठेवायचा, हे सगळं त्याच्याकडे. गप्प असणाऱ्या पण हुशार मुलाला हे काम द्या. तिसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणतो, ‘दादा, उद्या वचन मी वाचू?’

कोकणातल्या मंडळ्या, म्हणजे गावोगावचे चर्चचे समुदाय, लहान. एखाद्या गावात आठ-दहा घरं, तरुण म्हणावेत असे चारच. शिबिराला मुंबई-पुण्याची मुलं आली की गिटार, कीबोर्ड, कोरस सगळं त्यांच्याच हाती जातं आणि गावची मुलं मागे सरकतात. म्हणून गट ठरवतानाच निम्मी मुलं किनाऱ्यावरच्या मंडळ्यांतली घ्या. त्यांना जुनी गीतं तोंडपाठ असतात. शहरातल्या मुलांना ती बहुधा येत नाहीत.

पालकांच्या संमतीपत्रात उपासनेच्या वेळा आणि स्वरूप स्पष्ट लिहा. मुलाचा एखादा शेजारी किंवा वर्गमित्र सोबत येत असेल, तर त्याच्या घरच्यांनाही हेच पत्र गेलं पाहिजे. नंतर कुणाला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायची वेळ येता कामा नये.

पाळकसाहेबांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशीही याच आठवड्यात बोला. प्रभुभोजन आणि शेवटचा आशीर्वाद बहुतेक मंडळ्यांत पाळकच देतात. बाकी काय मुलांनी करायचं ते आधी ठरलं की ऐन वेळी कुणाचा मान दुखावत नाही. कॅथलिक शिबिरात मिस्सा फादरच अर्पण करतात. पण वाचनं, प्रतिसाद-स्तोत्र, विनंत्या आणि गायन तरुणांकडे देता येतं. पुढे जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

गीतं

पाच दिवसांच्या शिबिराला दहा-बारा गीतं पुष्कळ झाली. त्यात नवी फक्त दोन. नवं गीत पहिल्या दिवशी शिकवा आणि रोज म्हणा; तिसऱ्या दिवसापर्यंत ते मुलांचं झालेलं असतं. रोज नवं गीत दिलं तर पाचही दिवस पुढचे चौघेच गातात आणि बाकीचे ऐकतात.

हिंदी-इंग्रजी कोरस, म्हणजे छोटी उपासना-गीतं, मुलांना आवडतात, ते जरूर घ्या. पण रोज एक तरी गीत आपल्या गीतपुस्तकातलं असू द्या, शक्यतो अभंगाच्या चालीचं. 1861 साली कोकणातल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. कोकणातल्या मुलांना हे सांगितलं की त्यांना त्या गीतांविषयी वेगळीच आपुलकी वाटते. अभंगाचा दुसरा फायदा अगदी व्यवहारातला आहे. एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी ती उचलायची. पुस्तक लागत नाही, वीज लागत नाही, टाळ आणि ढोलकी असली की झालं. मे महिन्यात कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून सगळी उपासना विजेशिवाय होईल अशीच बसवा. कीबोर्ड चालला तर आनंदच आहे.

शब्द मोबाइलवर ठेवू नका. मान खाली गेली की आवाजही खाली जातो, शिवाय संदेश येत राहतात. मुलांनाच जाड कागदावर मोठ्या अक्षरांत गीतं लिहायला लावा. लिहिताना अर्धं पाठ होतं.

पट्टी ठरवणं

इथे थोडा वेळ काढतो, कारण गाणं बसत नाही ते बहुतेक वेळा इथेच. गटात गाणारी मुलगी चांगली असेल तर ती तिच्या आवाजाला शोभेल अशी, काळी चार किंवा काळी पाचची पट्टी धरते. गीत सुरेख वाटतं, पण अंतऱ्यावर सगळं शिबिर गप्प होतं. मुलगा धरतो ती पट्टी मुलींना खाली जाते.

उपाय सोपा. गीतातला सगळ्यांत उंच स्वर पेटीवर शोधा. मुली आणि लहान मुलांसाठी तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपलीकडे जाऊ देऊ नका. गिटारवाले त्याला वरचा डी म्हणतात. आवाज फुटलेले मुलगे तेच गीत आपोआप एक सप्तक खाली गातात. ज्यांचा आवाज नुकताच फुटतोय अशा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आधीच सांगा, ‘जमेल तिथे खाली म्हण, नाही जमलं तर ओळ सोड.’ त्यांना वाटत असतं आपल्यालाच गाता येत नाही. ठरलेली पट्टी त्या गीताच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे सकाळी घाईत वाद होत नाहीत.

दमट हवेत ढोलकी उतरते, म्हणून उपासनेआधी पाव तास चढवून घ्या आणि वाळूवर ठेवू नका. गिटारच्या तारांना खाऱ्या हवेने चार दिवसांत गंज धरतो. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसायच्या, आणि तारांचा एक जादा संच जवळ असू द्या.

सकाळची पस्तीस मिनिटं

क्रम आम्ही असा ठेवतो. दोन मिनिटं शांतता, मग स्तोत्रातल्या ओळींनी उपासनेची हाक. दोन गीतं. पापकबुलीसाठी थोडा मौनाचा वेळ आणि एक छोटी प्रार्थना. वचनाचं वाचन. सात मिनिटांचं मनन. तिघातिघांनी प्रार्थना. एक गीत, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. सूचना उपासनेत अजिबात नकोत. आंघोळीच्या बादल्यांची आणि नाश्त्याच्या पाळ्यांची घोषणा आमेननंतर करा.

पहिली दोन मिनिटं मुलांना सगळ्यांत अवघड जातात. पुढे उभ्या मुलीला वाटतं काहीतरी बोललं पाहिजे. तिला सांगा, डोळे मिटून मनात वीस श्वास मोज. तेवढ्यात लाटांचा आवाज ऐकू यायला लागतो, कुठेतरी कोकीळ ओरडते, आणि मुलं आपणहून शांत होतात.

हाकेसाठी स्तोत्र 136 फार उपयोगी आहे. त्याच्या सव्वीसही वचनांत ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येतं. एकाने अर्धं वचन वाचायचं, सगळ्यांनी पालुपद म्हणायचं. छपाई नको, पाठांतर नको. एकदा एका मुलीने ते फार हळू, एकेक शब्द सोडत वाचलं. दहाव्या वचनाच्या सुमारास मागच्या चटईवरचा, आदल्या दिवशी आईसाठी रडणारा सात वर्षांचा मुलगा गुडघ्यांवर उभा राहिला आणि पुढची सगळी पालुपदं सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणू लागला. त्याच्या बोटांना फणसाचा चीक तसाच होता. ती मुलगी त्याच्याकडे बघायची, थांबायची, आणि त्याने म्हटलं की पुढचं वाचायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मनन मुलांनीच करावं, पण लिहून. एक वचन, त्यातली एक गोष्ट, आपल्या आयुष्यातला एक प्रसंग, बस. आदल्या संध्याकाळी एका ताईने किंवा दादाने ते ऐकावं आणि चुकीचं काही असेल तेवढंच सांगावं. भाषा सुधारू नका. तुमची वाक्यं त्याच्या तोंडी घातली की तो ती वाचून दाखवतो.

वाचन कसं तयार करून घ्यायचं

‘तू वाच’ म्हणून ऐन वेळी पुस्तक हातात देणं हा त्या मुलावरही अन्याय आणि वचनावरही. पवित्र शास्त्राची मराठी आजच्या मुलांच्या बोलण्यापेक्षा वेगळी आहे. आदल्या दिवशीच उतारा द्या आणि तीनदा मोठ्याने वाचायला सांगा: पहिल्यांदा अडणारे शब्द शोधायला, दुसऱ्यांदा पेन्सिलने श्वासाच्या जागा खुणवायला, तिसऱ्यांदा वीस पावलं लांब उभ्या मित्राला ऐकू जाईल असं. मार्क 4:35–41, वादळ शांत केल्याचा उतारा, या सरावासाठी उत्तम. किनाऱ्यावरच्या मुलांना त्यातली नाव, लाटा, मागे उशी घेऊन झोपलेला प्रभू हे सगळं डोळ्यांसमोर दिसतं. ज्याचे वडील होडीवर जातात असा मुलगा गटात असेल तर हा उतारा त्याला द्या. ‘मोठे वादळ झाले’ हे शब्द तो जसा उच्चारतो तसा दुसऱ्या कुणाला जमत नाही.

वारा पानं उलटतो. कपड्यांचे दोन चिमटे वाचकाच्या खिशात असू द्या.

प्रार्थना

घाबरलेलं मूल प्रार्थनेत दर दोन शब्दांनी ‘प्रभू, प्रभू’ म्हणतं किंवा कुणा मोठ्याची ऐकलेली प्रार्थना उचलतं. त्याला चार ओळींचा साचा द्या. देवाला हाक. त्याने काय केलं आहे त्याची एक आठवण. आपली एक मागणी. येशूच्या नावाने आमेन. उदाहरणार्थ: ‘हे देवा, तू समुद्र निर्माण केलास. वादळात शिष्यांच्या जवळ राहिलास. आज ज्यांना घरची आठवण येते त्यांच्या जवळ राहा. येशूच्या नावाने मागतो, आमेन.’ अर्ध्या मिनिटात संपते आणि सगळ्यांना कळते. कार्डावर लिहून वाचली म्हणून ती कमी मनापासूनची होत नाही; उलट आदल्या रात्री विचार करून लिहिलेली असते.

स्वयंपाकघरातल्या मावशी सकाळच्या उपासनेला कधीच येऊ शकत नाहीत, कारण तेव्हा साठ जणांचे पोहे चुलीवर असतात. म्हणून जेवणाआधीच्या प्रार्थनेला गटातल्या एकाने आत जाऊन त्यांना बाहेर बोलवावं आणि त्यांच्यासोबत प्रार्थना करावी. हे आम्ही एका मुलीच्या सूचनेवरून सुरू केलं.

किनाऱ्यावरची संध्याकाळ

संध्याकाळची उपासना वाळूत व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं, पण तारीख ठरवताना भरती बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. याचा अर्थ पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे संध्याकाळी सहाला पाणी खूप आत गेलेलं असतं आणि बसायला रुंद, घट्ट वाळू मिळते. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर असतं आणि बसायला जेमतेम पट्टा उरतो. हिशोब ठोकळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे जागा नक्की करण्याआधी रायगडात कोळ्यांना, रत्नागिरीत खारव्यांना, सिंधुदुर्गात गाबितांना विचारा. कुठे चिखल आहे, कुठे खाडीचं तोंड आहे, हे त्यांनाच ठाऊक. उपासनेच्या आधी किंवा नंतर कुणी पाण्यात उतरायचं नाही. किनाऱ्याच्या बाजूला दोन मोठी माणसं त्यासाठीच उभी ठेवा.

आता वारा. दिवसभर आणि संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून येतात. बोलणारा समुद्राकडे पाठ करून उभा राहिला तर आवाज वाऱ्याबरोबर लोकांकडे जातो, पण मग मावळता सूर्य सगळ्यांच्या डोळ्यांवर. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास बुडतो. म्हणून वाचन आणि मनन सूर्य पाण्याला टेकल्यावर घ्या. आधीची वीस मिनिटं गीतांना द्या आणि तेव्हा मुलं थोडी तिरकी बसू देत. पहाटे याच्या उलट: मतलई वारा जमिनीकडून येतो. तेव्हा सुरूच्या बनात बसावं, पुढारी जमिनीच्या बाजूला. ऊनही अडतं आणि आवाजही पोचतो. बसायला अर्धवर्तुळ, तीनच रांगा; शेवटचं मूल बोलणाऱ्यापासून आठ-दहा मीटरच्या आत असलं तर माइकची गरज पडत नाही.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत बाहेर पडत असतात. उजेडाने ती वाट चुकतात, समुद्राऐवजी दिव्याकडे जातात. अशा किनाऱ्यावर रात्री शेकोटी, मशाली, मोठे दिवे नकोत. आधी गावातल्या कासवमित्रांना भेटा. मुलांना कारण सांगितलं की ती आपणहून टॉर्च बंद करतात. अंधारात म्हटलेलं स्तोत्र फार खोल जातं.

ध्वनिक्षेपक लावणार असाल तर रात्री 10 ते सकाळी 6 कायद्याने बंदी आहे. पण त्याच्याही आधी शेजारच्या घरांत जाऊन, कोणत्याही धर्माचे असोत, ‘आमची पोरं संध्याकाळी गातील, त्रास झाला तर सांगा’ असं सांगून या. मुलांनाच पाठवा. परत येताना त्यांच्या हातात बहुधा चार आंबे असतात.

अडलं तर

मूल शब्द विसरलं, सूर सुटला, वाचताना थांबलं, तर मनात दहापर्यंत मोजा आणि जागचे हलू नका. दहातल्या नऊ वेळा ते सावरतं किंवा शेजारचं मूल ओळ उचलतं. त्याआधीच गटाला शिकवून ठेवा की कुणी अडलं तर ढोलकी थांबवायची नाही, ठेका चालू ठेवायचा आणि धृपद पुन्हा घ्यायचं. मग ती चूक कुणाला कळतसुद्धा नाही. मोठ्यांनी बसायचं ते मुलांच्या मध्ये, त्यांच्यासारखंच चटईवर. बाजूला उभं राहिलं की परीक्षा चालल्यासारखं वाटतं.

उपासनेनंतर नाश्त्याआधी गटाची पाच मिनिटं बैठक घ्या. दोनच प्रश्न: मागचे गात होते का? उद्या एक काय बदलायचं?

साक्ष आणि शेवटची रात्र

साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, तीन मिनिटांची, लिहिलेली आणि आधी कुणा विश्वासू ताईने वाचलेली असावी. घरातली भांडणं, दुसऱ्याचं नाव, स्वतःची उघडी जखम साठ जणांसमोर मांडायला मुलावर कधीही दबाव आणू नका. एखाद्या मुलाने खाजगीत अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका आणि शिबिराच्या जबाबदार व्यक्तीकडे त्याच वेळी जा. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी उपासना चालवणाऱ्या गटालाही पाठ असू द्या.

शेवटच्या रात्री मुलं दमलेली असतात, उद्या वेगळं व्हायचं असतं, गिटार हळू वाजत असते. अशा वेळी डोळ्यांत पाणी आणणं अवघड नसतं, म्हणूनच जपायला हवं. पुन्हा पुन्हा ‘येशूसाठी निर्णय घ्यायला कोण पुढे येणार’ असं विचारू नये, हे मी ठामपणे सांगतो. आमंत्रण एकदाच, साध्या शब्दांत, आणि ज्याला बोलायचं असेल त्याच्यासाठी सकाळी नाश्त्यानंतर एक जागा ठरवून ठेवा. रात्रीचा निर्णय सकाळच्या उजेडातही टिकला, तर त्यावर पुढे बोलायला भरपूर वेळ आहे. ती शेवटची उपासना अर्ध्या तासात संपवा आणि मुलांना झोपू द्या.

गाड्या निघण्याआधी

गीतांचे कागद, पट्ट्या, कोणता उतारा कुणी वाचला, काय जमलं नाही, हे सगळं एका वहीत मुलांकडूनच लिहून घ्या. पुढच्या वर्षीचा गट तिच्यापासून सुरुवात करतो. मग प्रत्येकाला त्याच्या मंडळीच्या पाळकसाहेबांशी शिबिरातूनच फोन लावून द्या आणि जूनमधला एक रविवार मागायला सांगा, पावसाची पहिली झोड ओसरल्यानंतरचा. त्या रविवारी वाचन, एक प्रार्थना आणि एक गीत त्याच्याकडे. तारीख ठरली की ती वहीच्या शेवटच्या पानावर, नावापुढे, त्याच्याच हाताने लिहायची, आणि मगच पिशवी गाडीवर चढवायची.